वेग वाढला म्हणता? मग मोजून दाखवा!

(ज्यांना डेटा वाचवायचाय किंवा आकडे नीट बघायचेत, त्यांच्यासाठी हे या भागाचं लिखित रूप. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)

आज आपण बोलणार आहोत एका अशा कामाबद्दल, जे दिसत नाही, ज्याचे रील्स बनत नाहीत, पण ज्याच्यामुळे तुमच्या हातातला फोन आणि त्यामागचे सर्व्हर रखडत नाहीत. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ओपन सोर्समध्ये, कोणी कोड बदलला की तो बदल वेगाच्या कसोटीवर कसा घासला जातो, हा आजचा विषय.

नाव ऐकून घाबरू नका. ही कसोटी वाशिम जिल्ह्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला आधीपासून माहीत आहे.

कसं ते बघा. मृग लागायच्या आधी गावात कोणी येतो आणि सांगतो, "हे सोयाबीनचं नवं बियाणं घ्या, एकरी दोन पोती जास्त होतात." आपला माणूस लगेच पिशवी उचलतो का? नाही. तो विचारतो, कोणाच्या वावरात झाली दोन पोती? जमीन भारी होती की मुरमाड? पाऊस कसा होता? आणि मुख्य म्हणजे, धुऱ्याच्या याच बाजूला, त्याच दिवशी, जेएस ३३५ पेरलं होतं का? नसेल, तर जास्त म्हणजे कशापेक्षा जास्त?

आपल्या रिसोड तालुक्यात करडा इथे कृषी विज्ञान केंद्र आहे. अशा केंद्रांच्या ठरलेल्या कामांपैकी एक काम हेच असतं. शेतकऱ्याच्या शेतात नवं तंत्र आणि चालू पद्धत शेजारी-शेजारी घेऊन बघायची, आणि मग बोलायचं. कोडच्या बाबतीतही हेच करतात. फक्त वावराच्या जागी कॉम्प्युटर आणि पोत्यांच्या जागी सेकंद.

मिनिटभराचा फरक किती मोठा?

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना उघडा आहे असं सॉफ्टवेअर. कोणीही तो वाचू शकतो आणि "मी असा असा बदल सुचवतो" म्हणून पुढे येऊ शकतो. त्या बदलाला पॅच म्हणतात. पॅच आला की प्रकल्प सांभाळणारे लोक दोन प्रश्न विचारतात. एक, हा बरोबर चालतो का? दोन, यामुळे काही हळू तर होत नाही ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हो किंवा नाही असं देता येतं. दुसऱ्याचं तसं नाही, आणि म्हणूनच तो जास्त अवघड.

जवळचं उदाहरण घेऊ. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, तुम्ही ऐकलाच असेल. वाशिम जिल्हा त्यात आहे. या प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईच्या चमूने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारं साधन तयार केलं. पडलेल्या पावसातलं किती पाणी वाहून गेलं, किती जमिनीत मुरलं आणि पिकाला किती मिळालं, याचा हिशेब त्यातून निघतो. हे साधन क्यूजीआयएस नावाच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरला जोडून चालतं, आणि क्यूजीआयएस ओपन सोर्स आहे.

आता समजा, अशा एखाद्या साधनात कोणी छोटासा बदल केला आणि एका गावाच्या हिशेबाला एक मिनिट जास्त लागायला लागलं. बदल करणाऱ्याने एकाच गावावर चालवून बघितलं, तर त्याच्या लक्षातही येणार नाही. चहाचा एक घोट! पण गावं पाच हजार असतील तर? ५,००० मिनिटं, म्हणजे ८३ तासांहून जास्त, जवळपास साडेतीन दिवस. उत्तर तेच, फक्त साडेतीन दिवस उशिरा. पेरणीच्या तोंडावर हा फरक लहान नाही.

एक नाव लक्षात ठेवा: पवन देवलसी

आता एका माणसाची गोष्ट. पोस्टग्रेस नावाचा एक ओपन सोर्स डेटाबेस आहे. जगभरातल्या असंख्य अ‍ॅप आणि वेबसाइटच्या मागे तो असतो. ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाचा मुख्य डेटाबेससुद्धा पोस्टग्रेसवर आहे, म्हणजे वाशिमचे रस्ते आणि कारंज्याच्या गल्ल्याही तिथेच साठवलेल्या.

फेब्रुवारी २००८ मध्ये पोस्टग्रेसची ८.३ ही आवृत्ती आली. त्यात 'हॉट' नावाची एक मोठी सुधारणा होती, आणि ती आणणाऱ्याचं नाव प्रकल्पाच्या अधिकृत नोंदीत आहे: पवन देवलसी. सोबत अनेकांच्या कल्पना होत्या, हेही तिथेच लिहिलंय. देवलसी तेव्हा एंटरप्राइझडीबी या कंपनीत होते, आणि पोस्टग्रेसवरचं त्यांचं काम पुण्यातून चाललेलं.

हॉट म्हणजे काय, ते बाजार समितीच्या वहीवरून समजून घेऊ.

समजा, बाजार समितीत आवक लिहायची एक जाड वही आहे. शोधायला सोपं जावं म्हणून मागे तीन याद्या आहेत: शेतकऱ्याच्या नावाची, गावाची आणि मोबाइल नंबरची. प्रत्येक यादीत लिहिलंय, "पान ४०, ओळ ७". या याद्यांना डेटाबेसच्या भाषेत इंडेक्स म्हणतात.

वहीचा एक नियम आहे: खाडाखोड करायची नाही. नोंद बदलायची असेल तर जुनी तशीच ठेवायची आणि नवी दुसरीकडे लिहायची. का? तर त्याच वेळी दुसरा कोणी जुना हिशेब वाचत असेल, त्याचा गोंधळ नको. पोस्टग्रेस खरोखर असंच वागतो.

आता शेतकऱ्याचं फक्त वजन दुरुस्त करायचंय. १२ क्विंटलचे साडेबारा. नवी नोंद गेली पान ९३ वर. झालं! आता तिन्ही याद्यांमध्ये "पान ९३" अशी नवी ओळ टाका. नाव तेच, गाव तेच, मोबाइल तोच, तरी तीन ठिकाणी लिखाण. वर जुन्या नोंदींचा कचरा साठत जातो तो वेगळाच.

हॉटने काय केलं? याद्यांमधलं काहीच बदलत नसेल आणि पान ४० वरच खाली जागा असेल, तर नवी नोंद तिथेच लिहा आणि जुन्या ओळीपाशी खूण करा, "खाली ओळ १२ बघा". याद्यांना हात लावायची गरज नाही. शिवाय त्या पानावरच्या मेलेल्या नोंदी पुढे ते पान उघडलं की तिथल्या तिथे साफ करता येतात. सगळी वही झाडायची वाट बघावी लागत नाही.

ऐकायला साधं वाटतं. पण ही गोष्ट डेटाबेसच्या अगदी गाभ्यात बसते. तिथे "मला वाटतं जलद होईल" हे चालत नाही.

मोजायचं कसं? वजनकाट्याचा घोटाळा

पोस्टग्रेससोबत पीजीबेंच नावाचं एक मोजणीचं साधन फुकट येतं. ते एक खोटी बँक उभी करतं. सर्वात लहान आकाराला त्या बँकेत १ शाखा, १० रोखपाल आणि १ लाख खाती असतात. मग ते धडाधड व्यवहार करतं: खात्यात बदल, रोखपालाच्या नोंदीत बदल, शाखेच्या नोंदीत बदल, आणि इतिहासात एक ओळ. शेवटी सांगतं, सेकंदाला इतके व्यवहार झाले.

सोपं आहे ना? इथेच लोक फसतात. फसायच्या चार जागा सांगतो.

पहिली जागा. बँक लहान आणि ग्राहक जास्त. समजा एकच शाखा ठेवली आणि एकाच वेळी २० ग्राहक सोडले. प्रत्येकाला शाखेची ती एकच ओळ बदलायचीय, म्हणून सगळे रांगेत. हे म्हणजे २० ट्रॅक्टर आणि एकच वजनकाटा. तुम्ही ट्रॅक्टरचं इंजिन कितीही सुधारा, वेळ काट्यावरच जाणार. मग तुम्ही म्हणाल, "माझ्या बदलाने काहीच फरक पडला नाही." पडला असेलही, पण तुम्ही रांग मोजत बसला होतात. पीजीबेंचच्या माहितीपुस्तिकेत याचा स्पष्ट इशारा आहे: ग्राहक जितके, निदान तितक्या शाखा तरी ठेवा.

दुसरी जागा. चाचणी दहा सेकंदांत उरकणं. पहिल्यांदा माहिती डिस्कवरून येते, नंतर ती मेमरीत असते, म्हणून दुसरी फेरी आपोआप जलद दिसते. त्यात मधेच पोस्टग्रेसची स्वतःची साफसफाई चालू होते. काही मिनिटं तरी चालवल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवायचा नसतो.

तिसरी जागा. मशीनची तब्येत. आपल्याकडे मे महिन्यात पंख्याखाली ठेवलेला लॅपटॉपही तापतो. तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. तुम्ही सकाळी जुना कोड मोजला आणि दुपारी नवा, तर तुम्ही कोडमधला फरक मोजलाच नाही. तुम्ही ऊन मोजलं! म्हणून जाणकार लोक जुना-नवा-जुना-नवा अशा आलटून पालटून फेऱ्या घेतात, म्हणजे ऊन दोघांच्या वाट्याला सारखं येतं.

चौथी जागा, आणि ही सगळ्यात फसवी. समजा जुन्या कोडच्या तीन फेऱ्यांत सेकंदाला ९८०, १०२० आणि १००० व्यवहार झाले. नव्याच्या फेऱ्यांत १०१०, ९९५ आणि १०३०. (आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत.) सरासरी काढली तर नवा एक टक्क्याने पुढे. पेढे वाटायचे का? थांबा. जुना कोड स्वतःच ९८० ते १०२० असा हेलकावे खातोय, म्हणजे चार टक्के. जिथे काटाच चार टक्के हलतो, तिथे एक टक्क्याच्या वाढीला अर्थ नाही. अजून फेऱ्या घ्या, नाहीतर प्रामाणिकपणे सांगा, "फरक दिसला नाही."

जो बदल आत गेला नाही

आता गोष्टीचा दुसरा भाग. माझ्या मते हा पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा.

जुलै २०१६ मध्ये उबर कंपनीच्या अभियंत्यांनी जाहीर लिहिलं की आम्ही पोस्टग्रेस सोडून मायएसक्यूएलकडे गेलो. त्यांच्या तक्रारींपैकी एक आपल्या वहीचीच होती: एक छोटी गोष्ट बदलली तरी सगळ्या याद्यांमध्ये लिहावं लागतं.

पण हॉट होतं ना? होतं, पण हॉटला एक अट आहे. यादीतली एकही गोष्ट बदलता कामा नये. शेतकऱ्याने मोबाइल नंबर बदलला की हॉट बाजूला, आणि पुन्हा तिन्ही याद्यांत लिखाण.

त्याच वर्षी पवन देवलसींनी पुढचा बदल सुचवला. त्याचं नाव 'वॉर्म'. कल्पना अशी: मोबाइल बदलला ना? मग फक्त मोबाइलच्या यादीत नवी ओळ टाका. नावाच्या आणि गावाच्या यादीला त्रास कशाला?

कल्पना पटण्यासारखी आहे. जिथे याद्या खूप आणि बदल एखाद्याच यादीत, तिथे चांगला फायदा दिसतही होता.

पण बघा काय होतं. मोबाइलच्या यादीत आता दोन ओळी आहेत, जुना नंबर आणि नवा नंबर, आणि दोन्ही पान ४० कडेच बोट दाखवतात. कोणी जुना नंबर घेऊन आला, तर तो पान ४० वर जातो, खूण बघत खाली उतरतो आणि त्याला नव्या नंबरवाली नोंद सापडते. चुकीची! म्हणून प्रत्येक वेळी, सापडलेली नोंद खरंच शोधलेल्या नंबरची आहे का, हे पुन्हा तपासावं लागतं. लिहिणाऱ्याचे कष्ट वाचले, पण थोडे कष्ट वाचणाऱ्याच्या डोक्यावर आले.

२०१७ च्या सुरुवातीला, पोस्टग्रेस १० ची तयारी चालू असताना, इतर जाणकारांनी हा पॅच आपापल्या मशीनवर, आपापल्या पद्धतीच्या कामांवर चालवून बघितला. काही कामं जलद झाली. काही मात्र हळू झाली. ज्यांना या बदलाचा फायदा नव्हताच, अशा लोकांनाही त्याची किंमत मोजावी लागत होती. या हळू होण्याला रिग्रेशन म्हणतात, साध्या भाषेत पाऊल मागे पडणं.

शेवटी ऑक्टोबर २०१७ मध्ये पोस्टग्रेस १० आलं, ते वॉर्मशिवाय. तो बदल पुढेही आत गेला नाही.

आता विचार करा. ज्याच्या हॉटवर पोस्टग्रेस जवळपास दहा वर्षं धावत होतं, त्याच माणसाचा हा पॅच. नाव मोठं, अनुभव मोठा. तरी कोणी म्हटलं नाही की "देवलसींनी दिलाय, घ्या." मोजून बघितलं आणि थांबले. याला कोणी अपयश म्हणेल, मी म्हणणार नाही. वॉर्म घाईने आत गेला असता तर जगात कुठेतरी कोणाचा तरी डेटाबेस एका रात्रीत मंदावला असता, आणि कारण शोधता शोधता त्याची झोप उडाली असती. चाचणीने तो माणूस वाचवला. फक्त त्याला हे कधी कळणार नाही.

आणि प्रश्न तिथेच सोडून दिला असंही नाही. २०२३ मध्ये आलेल्या पोस्टग्रेस १६ ने हॉटची अट थोडी सैल केली. ब्रिन नावाच्या एका प्रकारच्या यादीतली गोष्ट बदलली तरी हॉट चालू राहतं. छोटं पाऊल, पण टिकणारं.

हजार बदलांत दोषी कोण?

कधी कधी हळूपणा उशिरा लक्षात येतो. तोवर हजार बदल आत गेलेले असतात. मग दोषी कसा शोधायचा?

ठिबकची नळी तुंबली तर तुम्ही काय करता? एकेक ड्रिपर तपासत नाही. मधोमध जाऊन बघता, इथवर पाणी येतंय का? येतंय, म्हणजे अडथळा पुढच्या अर्ध्यात. मग त्याच्या मध्यावर. कोडमध्येही असंच करतात, आणि याला बायसेक्ट म्हणतात. १,०२४ बदल असले तरी फक्त १० वेळा अर्धं करून नेमका बदल सापडतो.

तुमच्या अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स कर्नल आहे. त्याच्यासाठी इंटेल कंपनी एक यंत्रमानव चालवते. दिसायला रोबो नाही हं, तो एक प्रोग्रॅम आहे. नवे बदल आले की तो ते बांधतो, चालवतो, मोजतो. कुठे वेग घसरला तर अर्धं-अर्धं करत नेमक्या बदलापर्यंत पोचतो आणि बदल करणाऱ्याला कळवतो.

अर्ध्या सेकंदाने वाचवलेलं जग

तरीही माणसाची नजर लागतेच. मार्च २०२४ ची गोष्ट. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेसचे एक डेव्हलपर. ते पोस्टग्रेसमधल्या बारीक बदलांचा वेग मोजत होते. बारीक फरक पकडायचा तर मशीन शांत हवं, म्हणून मागे काय काय चालू आहे हे ते बघत होते. तेव्हा त्यांना दिसलं की बाहेरून लॉगिन करायची एसएसएच सेवा विनाकारण प्रोसेसर खातेय. लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता.

दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, जाऊ दे, नेट स्लो असेल. यांनी माग काढला. निघालं काय, तर एक्सझेड नावाच्या फाइल दाबून लहान करणाऱ्या ओपन सोर्स साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी मुद्दाम चोरदरवाजा बसवला होता. तो जगभरातल्या लिनक्स सर्व्हरवर पसरायच्या आधीच पकडला गेला.

फ्रॉइंड चोर शोधायला बसले नव्हते. त्यांना फक्त आपलं मशीन रोज किती वेळ घेतं हे पक्कं माहीत होतं. ज्याला रोजचं माप ठाऊक असतं, त्यालाच वाढलेलं माप खटकतं.

तुम्ही काय करू शकता?

आता वाशिम, मालेगाव, मानोऱ्यात बसून हे ऐकणाऱ्या पोरापोरींसाठी.

एक. चाचणी करायला मोठा कोडर असावं लागत नाही. लॅपटॉपवर पोस्टग्रेस टाका, पीजीबेंच चालवा, आधी फक्त जुन्याच कोडच्या दहा फेऱ्या घ्या. तुमचा काटा किती हलतो ते समजू द्या. लॅपटॉप नसेल तर अँड्रॉइडवर टर्मक्समध्येही पोस्टग्रेस चालतं. शिकायला उत्तम. फक्त फोन लवकर तापतो, म्हणून त्याच्या आकड्यांवर निकाल देऊ नका.

दोन. तुमचं जुनं मशीन ही कमजोरी समजू नका. बदल लिहिणाऱ्याकडे बहुतेकदा तगडं मशीन असतं. ४ जीबी रॅम आणि जुन्या हार्ड डिस्कवर काय होतं, हे त्याला दिसत नाही. ते तुम्हाला दिसतं. वॉर्मच्या वेळी नेमकं हेच कामाला आलं: वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळी कामं चालवून बघितली.

तीन. कळवताना पूर्ण कळवा. मशीन कोणतं, आवृत्ती कोणती, किती वेळ चालवलं, किती फेऱ्या, प्रत्येक फेरीचा आकडा काय. "स्लो वाटतंय" एवढ्यावर कोणी काही करू शकत नाही. दुसऱ्याला तेच पुन्हा करून बघता आलं पाहिजे.

चार. नाव होतं का? होतं. पोस्टग्रेस १० पासून प्रत्येक मोठ्या आवृत्तीच्या नोंदींत योगदान देणाऱ्यांची यादी असते, आणि तिच्यात कोड लिहिणाऱ्यांसोबत तपासणारे, चाचणी करणारे आणि चूक कळवणारेही असतात. लिनक्समध्ये तर बदलाच्या खालीच लिहितात, कोणी तपासला.

म्हणजे बघा, दरवाजा उघडा आहे. कोणी तुमचं कॉलेज विचारणार नाही, जिल्हा विचारणार नाही. विचारतील एवढंच: किती फेऱ्या घेतल्या?

तर मंडळी, पुढच्या वेळी कोणी छातीठोकपणे म्हणालं, "माझं अ‍ॅप दुप्पट फास्ट झालंय," तर भांडू नका. शांतपणे विचारा, कशाच्या दुप्पट, कोणत्या फोनवर, आणि कोणासाठी हळू झालं? शेवटचा प्रश्न विसरू नका, कारण तो फार थोडे लोक विचारतात.

भेटू पुढच्या भागात. तोवर इयरफोनचा आवाज जरा कमी ठेवा, आणि काळजी घ्या!